दर वेळी समुद्रावरून येताना मांड्या काचतात? आधी शॉर्ट्स उलटी करून बघा

तक्रार नेहमीची आहे. मुंबईत सकाळी जुहूला किंवा आक्साला जायचं, पाण्यात डुंबायचं, वाळूत फुटबॉल नाहीतर व्हॉलीबॉल खेळायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने लांबवर चालून यायचं. तोपर्यंत सगळं मजेत असतं. परतताना रिक्षात चढलं की पहिली कळ येते, स्टेशनच्या जिन्यावर चाल बदलते, आणि घरी अंघोळीला साबण लागला की शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज निघतो. पुढचे दोन दिवस पाय फाकवून चालणं आणि ऑफिसच्या खुर्चीत बेतानं बसणं. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. 'वजन कमी कर.' 'वाळू असतेच, त्याला कोण काय करणार?' 'जरा ढगळ चड्डी घे.' यातला शेवटचा सल्ला सगळ्यात वाईट. ढगळ कापड भिजलं की त्याच्या घड्या पडतात आणि त्या घड्या बरोबर मांड्यांच्या मध्ये जाऊन बसतात. वजनाचा संबंध थोडाफार आहे, पण रोज धावणाऱ्या शिडशिडीत पोरांनाही काचतं. वाळूचा फक्त हातभार. मूळ घोळ बहुतेक वेळा शॉर्ट्सच्या आतल्या बाजूला असतो, आणि दुकानात आपण बघतो ती बाहेरची बाजू: रंग, माडाच्या झाडांची नक्षी, खिशाची चेन.

काचतं ते पाण्याबाहेर

पाण्यात असताना सहसा कुणाला काचत नाही. लाटा झेलताना, थोडंफार पोहताना पाणीच वंगणाचं काम करतं. (तासन्‌तास पोहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते काखेत, मानेवर, जांघेत पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावूनच समुद्रात उतरतात.) आपल्यासारख्यांचं बिघडतं ते बाहेर आल्यावर, अर्धवट वाळलेल्या अवस्थेत. कोरडी कातडी कातडीवरून सरकते, पण दमट झालेली कातडी चिकटते आणि प्रत्येक पावलाला ओढली जाते. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत हवाच इतकी दमट असते की ही अर्धवट ओली अवस्था संपता संपत नाही.

त्यात मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि शिवणींत व जाळीच्या भोकांत त्याचे कण जमतात. शिवाय आपल्याकडचं पाणी गढूळ, वाळू बारीक आणि तिच्यात गाळ मिसळलेला. हा बारीक माल कापडातून आत सहज शिरतो आणि ओला असेपर्यंत बाहेर पडायचं नाव घेत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी हिशेबात धरत नाही, ती म्हणजे ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि किनारा सपाट असला की पाणी दूरवर मागे सरतं. मग पाण्यापर्यंत जाणं-येणं हीच एक पायपीट होते, तीही ओल्या चड्डीत. म्हणजे समुद्रावर 'पोहायला' गेलेला माणूस खरं तर बहुतेक वेळ चालत, धावत, उठबस करत असतो. शॉर्ट्स निवडायची ती या चालण्या-धावण्यासाठी. पोहणं त्या मानाने किरकोळ.

खूण कुठे उठली आहे?

घरी आल्यावर वैतागून क्रीम फासण्याआधी आरशासमोर उभं राहून लाली नेमकी कुठे आहे ते बघा. जागेवरून कारण बहुतेक वेळा कळतं.

मांडीच्या आतल्या बाजूला, मध्यावर, तळहाताएवढा लाल पट्टा असेल तर कातडी कातडीला घासली आहे. म्हणजे शॉर्ट्सचा पाय वर चढला किंवा मुळातच आखूड होता. दुकानात लांबी विचारताना कमरेपासूनची सांगू नका. आसनापासून, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथल्या शिवणीपासून, खालच्या दुमडीपर्यंतची आतली लांबी महत्त्वाची. बाजारात पाच, सात आणि नऊ इंच या मापांच्या शॉर्ट्स मिळतात. पाच इंची दिसायला झकास, पण भरलेल्या मांड्यांवर ती धावताना वर चढणारच. खेळायचं असेल तर सात इंच बहुतेकांना पुरते. मांड्या जाड असतील तर नऊ घ्या, पण ती गुडघ्याच्या वरच संपायला हवी. मांडीचा घेरही तपासा: सरळ उभं राहिल्यावर कापड आणि मांडी यांच्यात दोन-तीन बोटं जातील इतकी जागा पुरे. त्याहून मोकळी असेल तर वर सांगितलेल्या घड्या आल्याच.

जांघेच्या घडीत बारीक, सरळ, चुरचुरणारी रेघ असेल तर आरोपी आतल्या जाळीचं इलॅस्टिक. हे प्रकरण मोठं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

आसनाच्या बरोबर मधोमध उभी लाल रेघ असेल तर शिवणीचा दोष. साध्या शॉर्ट्समध्ये पुढच्या-मागच्या आणि दोन्ही पायांच्या अशा चार शिवणी त्या एकाच बिंदूवर येऊन मिळतात आणि तिथे गाठ तयार होते. चांगल्या शिवलेल्या शॉर्ट्समध्ये त्या जागी शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो. त्यामुळे शिवणी मधोमध न येता बाजूला सरकतात आणि पाय फाकवताना कापड ओढलं जात नाही. बोट फिरवून बघा. साधी ओव्हरलॉकची शिवण बोटाला उंचवट्यासारखी लागते, फ्लॅटलॉक चपटी असते. हा फरक दुकानात उभ्या उभ्या कळतो आणि तो बघायला विक्रेत्याची परवानगी लागत नाही.

बसायच्या जागी पुरळ असेल तर जाळीत वाळू साठली होती आणि तुम्ही तिच्यावर बसून राहिलात. गुडघ्याच्या वर आडवी रेघ असेल तर शॉर्ट्स फार लांब आहे, भिजून जड झालेली दुमड पायावर आपटत होती. कमरेवर बेंबीखाली ओरखडा असेल तर नाडीची गाठ, धातूची रिंग किंवा वेल्क्रोचा कडक कोपरा. कारण सापडलं की उपाय सोपा, पुढच्या खरेदीत ती वस्तू आत आहे का ते बघायचं.

जाळीचं प्रकरण

बऱ्याच स्विमिंग शॉर्ट्सच्या आत पांढरी जाळीची चड्डी शिवलेली असते. तिचा हेतू बरा आहे. तिच्यामुळे वेगळी अंडरवेअर लागत नाही, पाणी लगेच निथळतं आणि वरचं कापड अंगाला चिकटत नाही. पोहण्याच्या तलावात पोहून, पाच मिनिटांत शॉवर घेऊन कपडे बदलणाऱ्याला ती चालते. दिवसभर वाळूत हुंदडणाऱ्याला नाही. जाळीचा धागा खरखरीत असतो, कडेला अरुंद इलॅस्टिक असतं, आणि ते नेमकं जांघेच्या घडीत बसतं, जिथे कातडी नाजूक असते आणि घाम साचतो.

आपल्याकडे यावर आणखी एक थर चढतो. जाळी असूनही 'सवय आहे' किंवा 'बरं दिसत नाही' म्हणून आत सुती अंडरवेअर घातली जाते. बहुतेकांच्या मांड्या सोलण्याचं कारण मला विचाराल तर हेच. प्रमाणित दमट हवेत कापसाचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. ही झाली नुसत्या हवेतली गोष्ट. पाण्यात बुडवल्यावर सुती कापड किती पाणी पितं ते टॉवेल पिळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ती अंडरवेअर समुद्रातून आल्यावर संध्याकाळपर्यंत वाळत नाही, मीठ धरून ठेवते, आणि तिचं इलॅस्टिक व जाळीचं इलॅस्टिक एकमेकांवर चढून एकाच जागी काचतात. थोडक्यात, समुद्रावर सुती अंडरवेअर नको. लाज वाटत असेल तर त्यासाठी वेगळा मार्ग आहे.

तो असा. जाळीऐवजी बॉक्सरसारखं गुळगुळीत, ताणलं जाणारं अस्तर असलेली शॉर्ट्स घ्या. अस्तर मांडीवर चार-पाच इंच खाली येतं, त्यामुळे कातडी कातडीला घासतच नाही. घासलंच तर कापडावर कापड घासतं. अशी शॉर्ट्स महाग वाटली तर दोन वेगळे कपडे घेऊनही तेच साधतं: आत पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं इलॅस्टेन असलेली घट्ट सायकलिंग शॉर्ट्ससारखी आतली शॉर्ट्स, आणि वर बिनजाळीची साधी शॉर्ट्स. क्रिकेटवाले आत घालतात ती चालते. पॅड लावलेली सायकलची मात्र नको, तो पॅड पाणी पिऊन बसतो. लेबलवर इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा यांतलं काहीही लिहिलेलं असो, धागा एकच. 10 ते 20 टक्के असला की पुरे.

घरात आधीच जाळीवाली शॉर्ट्स पडून असेल तर ती फेकू नका. जाळी कापून काढा. उसवायला जाऊ नका, कारण बऱ्याच वेळा जाळी कमरेच्या पट्टीच्या शिवणीतच अडकवलेली असते आणि टाके उसवले की कमरही सुटते. शिवणीपासून अगदी थोडी कड ठेवून बारीक कात्रीने सगळीकडून कापा. हात बसत नसेल तर कोपऱ्यावरचा अल्टरवाला टेलर पाच मिनिटांत करून देईल. त्याला 'आतली जाळी काढायची, पट्टी उसवायची नाही' एवढं स्पष्ट सांगा. नंतर आत वर सांगितलेली घट्ट शॉर्ट्स घाला.

लाटेत कमर घसरते तेव्हा

ही दुसरी कायमची तक्रार, आणि हसण्यावारी नेली तरी खरी. नुसतं इलॅस्टिक असलेली शॉर्ट्स कोरडी असताना छान बसते. लाट अंगावर आली की खिशात पाणी भरतं, कापड जड होतं आणि सगळं खाली सरकतं. इलॅस्टिकच्या आत खरी, बांधता येणारी नाडी हवी. काही शॉर्ट्सना फक्त शोभेची नाडी असते, पुढे दोन टोकं शिवून लोंबत सोडलेली. दुकानात एक टोक ओढून बघा. दुसरं टोक आत गेलं तर नाडी खरी.

गाठ साधी निरगाठ मारू नका. ओली झाली की ती आवळते आणि सार्वजनिक मुतारीत उभं राहून नखांनी सोडवावी लागते. बुटाच्या लेससारखी दुहेरी फासाची गाठ मारा आणि टोकं आत खोचा.

खिसे जितके कमी तितकं बरं. जे असतील त्यांच्या तळाला जाळी किंवा पाणी निघायला भोक हवं. मागच्या खिशाला भोक नसेल तर पाण्यात शिरताना त्यात हवा भरून फुगा होतो. चेनचा खिसा एकच पुरे, घराच्या किल्लीसाठी. तीही आतल्या लूपला अडकवून. धातूची चेन खाऱ्या पाण्याने पकडते, प्लास्टिकची निदान गंजत नाही.

लाटांवर स्वार होणाऱ्यांची बोर्डशॉर्ट्स वेगळी. तिला कमरेला इलॅस्टिकच नसतं, सपाट पट्टी आणि पुढे नाडी-वेल्क्रो असतं, आणि बहुतेकदा आत जाळीही नसते. कमर नेमकी मापाची असेल तर ती घसरत नाही, पण पोट सुटलेल्यांना बसल्यावर दाबते आणि वेल्क्रोत आपली बारीक वाळू भरली की पकड जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती विशेष फायद्याची आहे असं मला वाटत नाही.

रंगाबद्दल एकच. निळा, राखाडी, हिरवट शॉर्ट्स आपल्या गढूळ पाण्यात दिसेनाशा होतात. भडक नारिंगी किंवा लिंबू पिवळी लांबून दिसते, जीवरक्षकालाही. फोटोत कशी दिसते ते नंतर बघू. पांढरी किंवा फिकट शॉर्ट्स घेण्याआधी दुकानातल्या दिव्यासमोर कापड ताणून धरा, भिजल्यावर ते त्याहून पारदर्शक होतं.

दुकानात काय करायचं

धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत जा नाहीतर मॉलमध्ये, पण आधी शॉर्ट्स उलटी करा. शिवणींवर बोट फिरवा, आसन बघा, जाळी आहे का बघा. मग ट्रायल रूममध्ये चार बैठका मारा, एक पाय बाकावर ठेवा, गुडघा छातीपर्यंत उचला. कापड वर चढून तिथेच अडकलं तर दुसरी घ्या. खालची कड धरून जोरात खाली ओढा, कमर हलली तर तीही नको. फॅशन स्ट्रीटवर ट्रायल मिळत नाही, तिथे निदान जीन्सवर चढवून बघा आणि घरी गेल्यावर बाथरूममध्ये भिजवून घराच्या जिन्यावर दोन-तीन वेळा वर-खाली करा. पहिली चाचणी आक्साच्या वाळूत कशाला?

एक व्यवहाराची बाब. किनाऱ्यासाठी घेतलेली शॉर्ट्स पोहण्याच्या तलावावर चालेलच असं नाही. बऱ्याच तलावांवर अंगाला बसणारा नायलॉनचा कॉश्च्युमच लागतो. एकाच कपड्यात दोन्ही भागवायचं असेल तर बॉक्सर अस्तरवाली घेण्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा घट्ट जॅमर घ्या आणि समुद्रावर त्यावर पातळ शॉर्ट्स चढवा.

त्या दिवशी पाळायच्या गोष्टी

पेट्रोलियम जेली निघण्याआधी, कोरड्या स्वच्छ कातडीवर लावा. वाळू लागल्यावर लावली तर वाळू आणि जेलीचं उटणंच होतं. खोबरेल तेल लवकर धुऊन जातं, आणि टाल्कम पावडर ओली झाली की तिचे गोळे होतात. शिवाय तेलकट पदार्थांनी रबराचं इलॅस्टिक सैल पडतं, म्हणून जेली मांडीला लावा, कमरेच्या पट्टीला नको.

सोबत गोड्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि एक सुती पंचा ठेवा. पाण्याबाहेर येऊन खेळ सुरू करण्याआधी कमरेत शॉर्ट्स सैल करून आत गोडं पाणी ओता, मीठ-वाळू निघून जाते. परतताना मात्र ओल्या शॉर्ट्समध्येच बेस्टच्या बसने मालाड गाठायचा किंवा मढहून तरीने वर्सोव्याला यायचा हट्ट सोडा. पंचा गुंडाळून कपडे बदलणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, त्याला चेंजिंग रूम लागत नाही. कोरडी सुती पँट घाला. सुती कापडाची जागा इथे आहे, पाण्याबाहेर.

जून ते सप्टेंबर हा प्रश्नच येऊ नये. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर पाण्यात उतरण्यासारखी स्थिती नसते, आणि आक्सा तर बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. याच दिवसांत निळ्या फुग्यासारखे विषारी ब्लूबॉटलही वाळूवर येऊन पडतात. पायावर फटका मारल्यासारखी, टिपक्यांची लाल रेघ उठली आणि प्रचंड आग होत असेल तर ते काचणं नव्हे, डंख आहे. तिथे वाळू चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा. त्रास वाढला, श्वास लागला तर थेट डॉक्टर.

काचलंय की नायटा झालाय?

हे ओळखणं गरजेचं आहे, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत. काचल्याची आग त्याच दिवशी होते, खाज कमी आणि चुरचुर जास्त, आणि चड्डी बदलून जागा कोरडी ठेवली की चार-पाच दिवसांत कमी होते. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, वर पेट्रोलियम जेली किंवा झिंकचं मलम लावा. डेटॉल, आफ्टरशेव्ह, लिंबू असले पराक्रम नकोत.

नायटा म्हणजे बुरशी. ती हळूहळू पसरते, खाज भयंकर सुटते, कड गोलाकार, उंच आणि खवलेदार असते, मधला भाग त्या मानाने साफ दिसतो. ओली चड्डी तासन्‌तास अंगावर ठेवणाऱ्यांना, दुसऱ्याचा टॉवेल वापरणाऱ्यांना ती गाठते. इथे सगळ्यात जास्त नुकसान करतं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं 'सगळ्यावर चालणारं' क्रीम. त्यात बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आतून बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. आठवड्यात कमी होत नसेल, पुन्हा पुन्हा येत असेल किंवा घरात आणखी कुणाला झालं असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

धुणं आणि निवृत्ती

समुद्रावरून आल्यावर ओली शॉर्ट्स प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत रात्रभर ठेवू नका. त्याच दिवशी गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, सौम्य साबणाने धुवा, ब्लीच नको, पिळणं नको. वाळू ओल्या कापडातून कितीही झटकली तरी निघत नाही. सावलीत उलटी वाळत घाला आणि पूर्ण वाळल्यावर झटका, बाल्कनीच्या बाहेर, खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून. तलावातही तीच शॉर्ट्स वापरत असाल तर क्लोरीनने इलॅस्टेनचा धागा लवकर जातो, ती आधी जीर्ण होणार हे धरून चाला.

कमरेची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोडा. ती परत जागेवर आली नाही, आत पांढरे तुटके धागे दिसायला लागले किंवा आसनाचं कापड खरखरीत झालं असेल, तर ती शॉर्ट्स आता समुद्राच्या कामाची नाही. तिला पुढच्या धुळवडीसाठी बाजूला काढा.